बंदूक मागणाऱ्याने कारण द्यायचं, की नाकारणाऱ्याने?

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न, फौजदारी वकीलबाईंची उत्तरं

मागच्या अंकात शस्त्रपरवान्याच्या नूतनीकरणाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली निम्मी पत्रं अमेरिकेबद्दल निघाली. पार्ल्यात, दादरला, ठाण्यात आता अशी घरं थोडीच, ज्यांतलं कुणी तिकडे नाही. तेव्हा या वेळी दोन प्रश्न तिकडचे आणि तीन इकडचे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे देत नाही.

माझा मुलगा डॅलसजवळ नोकरीला आहे, एच-वन-बी व्हिसावर. घरात सून आणि तीन वर्षांची नात. ऑफिसातले सहकारी ‘पिस्तूल घे’ म्हणून त्याच्या मागे लागलेत. टेक्सासमध्ये परवाना लागतच नाही, असं तो व्हिडिओ कॉलवर सांगतो. मला झोप येत नाही. हे खरं आहे का? – एक आई, विलेपार्ले पूर्व

ताई, टेक्सासच्या कायद्यापुरतं ते खरं आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे २१ वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल जवळ घेऊन बाहेर फिरायला परवाना लागत नाही. अट एवढीच, की त्याला बंदूक बाळगायला कायद्याने मनाई नसावी. तुमच्या मुलाचं गाडं या अटीवर अडतं. तिकडे राज्याचा कायदा वेगळा, केंद्राचा वेगळा, आणि दोन्ही एकाच वेळी पाळावे लागतात. केंद्राच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूकही बाळगता येत नाही आणि गोळ्याही नाहीत. एच-वन-बी त्यात येतो, सुनेचा एच-फोर येतो, विद्यार्थ्यांचा एफ-वनसुद्धा येतो. टेक्सासने कितीही मोकळीक दिली तरी ही मनाई उठत नाही.

बहिणीकडे ह्यूस्टनला गेले होते तेव्हा खेळाच्या सामानाच्या एका दुकानात मी हा काउंटर जवळून पाहिला. एका बाजूला मासेमारीचे गळ, शेजारी काचेखाली ओळीने पिस्तुलं, प्रत्येकाच्या ट्रिगरला किमतीची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली. समोरचा तरुण केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरत होता. विक्रेत्याने त्याची माहिती तपासणीसाठी पाठवली, आणि मी पाण्याच्या बाटल्या घेऊन परत येईपर्यंत तो खोकं काखेत मारून निघालाही होता. त्याच फॉर्मवर व्हिसाबद्दल सरळ प्रश्न असतो. त्यावर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे.

मुलाला तिघं तीन सल्ले देतील, तेही सांगून ठेवते. एक म्हणेल, ‘माझंच जुनं तुला विकतो, दुकानात जायलाच नको.’ टेक्सासमध्ये अशा खासगी विक्रीत तपासणी होत नाही हे खरं, पण मनाई असलेल्याच्या हातात ते पिस्तूल आल्याक्षणी गुन्हा होतो, आणि देणाऱ्याला व्हिसाची कल्पना असेल तर तोही अडकतो. दुसरा म्हणेल, ‘नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चालव.’ तिथेही हातात घेणं म्हणजे बाळगणंच. तिसरा शिकारीच्या परवान्याची पळवाट सांगेल. राज्याचा वैध शिकार परवाना असलेल्यांना कायद्यात सूट आहे, हे खोटं नाही. पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेने एक पाऊलही टाकू नये. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहिलेल्याने हा जुगार खेळू नये.

आता तुमच्या झोपेबद्दल. भीती खोटी नाही. डॅलसच्याच उपनगरात, अ‍ॅलनच्या मॉलमध्ये ६ मे २०२३ ला आठ जण मारले गेले, त्यात हैदराबादहून गेलेली एक तरुण इंजिनिअर होती. पण अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, आणि त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. बाहेरच्या माणसाच्या भीतीने आणलेली बंदूक घरातल्याच माणसाच्या वाईट रात्री हाताशी असते. नोकरी गेली, दुसरी शोधायला व्हिसा देतो ते साठ दिवस मोजणं सुरू झालं, अशा रात्री तिकडच्या आपल्या मुलांना येतात. मी आई आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते: त्याला फोनवर कायदा सांगा आणि हेही सांगा.

सुनेला एक निरोप द्या. नातीला खेळायला दुसऱ्यांच्या घरी पाठवताना ‘घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का’ हे विचारायला तिने संकोच करू नये. तिकडच्या आया विचारतात. लहान मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्सासमध्येही गुन्हा आहे.

टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतरही अमेरिकेत कडक कायदा का होत नाही? सगळं बंदूक कंपन्यांच्या पैशामुळे का? – राज्यशास्त्राचा विद्यार्थी, माटुंगा

काहीच झालं नाही असं नाही. युवाल्डीचा गोळीबार २४ मे २०२२ चा. महिन्याभरात दोन्ही पक्षांच्या मतांनी केंद्राचा कायदा झाला: २१ वर्षांखालच्या खरेदीदाराची जादा तपासणी आणि राज्यांना अशा घटना रोखण्यासाठी पैसा. मारेकऱ्याने अठरावं वर्ष लागताच दोन रायफली कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. ते वय मात्र वाढलं नाही.

आता तारीख बघ. सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, हा कायदा मंजूर केला २३ जून २०२२ ला. त्याच दिवशी तिथल्या सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्क राज्याचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द केला. नियम साधा होता. पिस्तूल घेऊन बाहेर पडायचं असेल तर तुला इतरांपेक्षा वेगळी, खास गरज आहे हे दाखव. कोर्ट म्हणालं, हक्क वापरायला नागरिकाने कारण देण्याची गरज नाही; बंधन घालणाऱ्या सरकारनेच दाखवावं, की असं बंधन देशाच्या जुन्या परंपरेत बसतं. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. पैसा आहे, लॉबी आहे, पण कारण कोणी द्यायचं हा प्रश्न एकदा उलटा झाला की प्रत्येक राज्याचा प्रत्येक कायदा कोर्टात अठराव्या शतकाशी ताडून बघितला जातो.

हा हक्क आला कुठून? १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती. त्या एका वाक्यात नागरिकांच्या पलटणीचाही उल्लेख आहे आणि लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही, आणि त्यांतलं कशाला जास्त वजन द्यायचं यावर पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली. २००८ च्या हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टाने ठरवलं, की हा एकेका माणसाचा हक्क आहे. २०१० मध्ये तो राज्यांवरही बंधनकारक झाला. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर आज तुझा प्रश्न वेगळा असता. कोर्ट सगळ्यालाच हो म्हणतं असंही नाही: घरगुती हिंसेमुळे ज्याच्यावर कोर्टाचा मनाई आदेश आहे त्याची बंदूक काढून घेता येते, हे २०२४ च्या रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी ठरलं.

आता राज्यांकडे ये, कारण खरं राजकारण तिथे चालतं. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ ला १७ जण मेले. रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी तीन आठवड्यांत बंदूक खरेदीचं वय २१ केलं आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याची सोय केली. वाचलेली शाळकरी मुलं बसमधून राजधानीला जाऊन आमदारांच्या दारात उभी राहिली होती. टेक्सासमध्ये युवाल्डीचे आईबाप असेच वर्षभर उभे राहिले. मे २०२३ मध्ये वय वाढवण्याचं विधेयक कसंबसं समितीतून बाहेर आलं, ते अ‍ॅलनच्या मॉलनंतर दोन दिवसांनी, आणि सभागृहात मतालाच न येता मेलं. त्याच फ्लोरिडाने १ जुलै २०२३ पासून परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगायला मुभा दिली. २०२४ पर्यंत अशी मुभा देणारी राज्यं २९ झाली. दुसरीकडे न्यू जर्सीत पिस्तूल विकत घ्यायलाच आधी पोलिसांकडून परवानगी काढावी लागते. आपली न्यू जर्सीतल्या एडिसनची मंडळी आणि डॅलसची मंडळी एकाच देशात राहतात, पण बंदुकीच्या बाबतीत दोन देशांत.

यात फक्त पक्ष बघशील तर चकशील. बर्नी सँडर्स यांचं व्हरमाँट राज्य उदारमतवाद्यांचं, पण तिथे पिस्तूल बाळगायला परवाना कधीच नव्हता, कारण खेडी, जंगल आणि शिकार.

मला सगळ्यात जास्त बोचते ती गोष्ट वेगळीच. चाळीसहून जास्त राज्यांनी आपल्या शहरांना बंदुकीचे स्वतःचे नियम करायला कमीअधिक प्रमाणात बंदी घातली आहे. फिलाडेल्फियात रस्त्यावर पोरं मरतात, पण पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यामुळे शहराला नियम करता येत नाही. प्रेतं उचलणाऱ्यांच्या हातात अधिकार नाही, आणि अधिकार आहे तो दूरच्या शेतीवाडीच्या मतदारसंघांतून निवडून आलेल्यांच्या हातात.

केंद्रात तसंच. सुमारे पावणेसहा लाखांच्या वायोमिंगचे सिनेटर दोन आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचेही दोन. सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात २० लहानगी मेल्यावर एप्रिल २०१३ मध्ये खासगी विक्रीतल्या बऱ्याच व्यवहारांना तपासणी लावणारा प्रस्ताव आला. बाजूने ५४, विरोधात ४६. बहुमत होतं, तरी पडला, कारण पुढे जायला ६० मतं लागतात.

पैशाचं म्हणशील तर नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेची ताकद पैशापेक्षा मतदारात होती. १८७१ ची ही संघटना मुळात नेमबाजी सुधारण्यासाठी निघाली. १९७७ मध्ये कडव्या गटाने ती ताब्यात घेतली आणि पुढे तिने उमेदवारांना शाळेसारख्या श्रेण्या दिल्या. सुरक्षित मतदारसंघात खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीत असते, तिथे श्रेणी घसरली की माणूस घरी बसतो. आता संघटना खिळखिळी झाली आहे, तिचे अनेक वर्षांचे म्होरके वेन लापिएर २०२४ च्या जानेवारीत पायउतार झाले. मतदार मात्र तोच आहे. प्रबंध लिहिणार असशील तर त्या मतदाराला खुळा समजून लिहू नकोस. वायोमिंगच्या रँचवर पोलिसांची गाडी पोचायला तास लागत असेल तर तिथला माणूस वेगळा विचार करणारच.

पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. ‘जिवाला विशिष्ट धोका दिसत नाही’ म्हणून नाकारला. रोज माल घेऊन ये-जा असते. अमेरिकेसारखा हक्क आपल्याला का नाही? आणि महाराष्ट्र सरकार वेगळा कायदा करू शकत नाही का? – सोन्या-चांदीचे व्यापारी, झवेरी बाजार

शेवटचं आधी. करू शकत नाही. शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय घटनेच्या केंद्रसूचीत आहे. देशभर एकच कायदा, १९५९ चा. मुंबईत परवाना पोलीस आयुक्त देतात, आयुक्तालय नसलेल्या भागात जिल्हाधिकारी, पण नियम दिल्लीचे.

हक्काची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडे हा प्रश्न विचारला गेला होता. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात इंग्रजांनी शस्त्रकायदा आणला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, युरोपियनांना सूट. स्वातंत्र्याच्या पिढीला तो अपमान वाटे, म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तो हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी तिला विरोध केला. कुणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेऊ लागला तर राज्य कारभार कसा चालवणार, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती पडली. फाळणीचं रक्त अजून वाळलं नव्हतं, गांधीजींची हत्या पिस्तुलाने होऊन वर्षही झालं नव्हतं. तो निर्णय योग्य होता असं मी मानते, आणि या शहरात वकिली करताना ते मत घट्टच होत गेलं.

पण मागणाऱ्याने कारण द्यायचं म्हटलं, तर नाकारणाऱ्यानेही द्यायला हवं, आणि आपला कायदा तसं सांगतो. कलम १४ प्रमाणे नकाराची कारणं लेखी नोंदवायची आणि अर्जदाराने मागितली तर द्यायची. सार्वजनिक हिताला बाधा येईल असं वाटलं तरच रोखता येतात. त्याच कलमात असंही आहे, की केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कुणाला परवाना नाकारता येणार नाही. एका ओळीचा छापील नकार घेऊन माझ्याकडे लोक येतात तेव्हा मला अर्जदारापेक्षा त्या कागदाचा राग येतो. धोका का दिसत नाही, पोलीस ठाण्याच्या अहवालात काय आहे, हे कळल्याशिवाय माणूस अपील कशाच्या आधारावर करणार?

तेव्हा कारणांची लेखी प्रत मागा आणि दिवस न घालवता कलम १८ खाली अपील करा. सोबत पुरावे जोडा. धमकीचा फोन आला असेल तर त्या वेळी नोंदवलेली एनसी (अदखलपात्र तक्रार), पाठलाग झाला असेल तर तक्रारीची प्रत, दुकानातल्या चोरीचा एफआयआर, माल नेण्याच्या वेळा आणि पावत्या. ‘धंदा जोखमीचा आहे’ हे वाक्य हजार अर्जांत असतं. तुमच्या बाबतीत काय घडलं, ते तारखेनिशी लिहा.

परवाना मिळाला तर शिकून घ्या, नुसतं प्रमाणपत्र नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून जुहूच्या घरी गोळी सुटली आणि पायात घुसली. भरलेलं हत्यार कपाटात ठेवणं-काढणं हाच क्षण सगळ्यात धोक्याचा असतो.

शेजारच्या चाळीत हळदीला एका पाहुण्याने हवेत गोळ्या झाडल्या. परवाना आहे म्हणतो. तक्रार करता येते का? – एक गृहिणी, भांडुप

येते, आणि कराच. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणं हा स्वतंत्र गुन्हा केला आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना असला तरी. मोबाइलवरचं चित्रण जपून ठेवा, गटावर फिरवू नका, पोलिसांना द्या. हवेत गेलेली गोळी कुणाच्या तरी गच्चीवर उतरते.

वडील गावी, सिंधुदुर्गात वारले. त्यांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक माळ्यावर आहे. परवाना त्यांच्या नावाचा. मी लालबागला, धाकटा भाऊ गावी. बंदूक मुंबईला आणली तर चालेल का? आठवण म्हणून ठेवायची आहे. – एक चाकरमानी

आणू नका. ट्रेनने नाही, एसटीने नाही, मित्राच्या टेम्पोतूनही नाही. वडील गेले त्या दिवसापासून ती बंदूक बिनपरवान्याची झाली आहे. विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करणं हे कलम २१ खाली तुम्हा दोघांचं कर्तव्य आहे.

कोकणातल्या या बंदुका मला ठाऊक आहेत. लांब नळी, खाली अडकवलेला गज, दस्त्याला वर्षानुवर्षं हात लागून आलेली काळपट चकाकी. वानर आणि डुक्कर एका रात्रीत वर्षाची मेहनत संपवतात, म्हणून आपल्या कायद्याने ही बंदूक वेगळी मानली आहे. पिस्तूल मागणाऱ्याला सबळ कारणाने अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते; खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला, दुसरी काही अडचण नसेल तर, परवाना द्यावा असं कलम १३ म्हणतं. अर्थात त्या परवान्याने संरक्षित प्राणी मारायची मुभा मिळत नाही. आणि निवडणूक आली की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायला लावतात, खरं तर छाननी समितीने प्रत्येकाचा वेगळा विचार करायचा असतो. ऐन भात पिकल्यावर शेतकऱ्याची बंदूक ठाण्यात पडून राहिली तर नुकसान कोण भरून देणार, हा त्यांचा सवाल मला रास्त वाटतो.

तुमच्यापुरतं असं करा. शेती भाऊ बघतो, तर वारस म्हणून अर्ज त्यानेच करावा. २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. आई, बहिणी आणि तुम्ही, सगळ्यांची ना-हरकत लागेल. लालबागच्या खोलीत पीक नाही, त्यामुळे तुमच्या नावाने मागण्यात अर्थ नाही. निव्वळ आठवण म्हणून भिंतीवर लावायची असेल, तर दुरुस्त करूनही चालणार नाही अशा निकामी किंवा पुराणवस्तू झालेल्या शस्त्रालाच कायदा सूट देतो. वडिलांची बंदूक चालती होती, तेव्हा ती सूट तिला नाही. घरी परस्पर नळी कापून किंवा ठोकून निकामी करायला जाऊ नका.

माळ्यावर बंदुकीशेजारी दारूचा डबा आणि केपांची डबी असेलच. तीही जमा करायची, पण आधी ठाण्यात फोन करून नेण्याची पद्धत विचारा. मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं मूळ पुस्तक सोबत न्या. पावती मिळाली की तिच्यावरचा बंदुकीचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी तिथेच जुळवून बघा, आणि एक झेरॉक्स तुमच्याकडे लालबागला ठेवा.